लाइन १, कॉलम ४८२१३: जेसनमधली चूक माणसाला कळेल अशी कशी सांगावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. दूध संकलन केंद्रांकडून सकाळ-संध्याकाळच्या पाळीची जेसन फाइल (की आणि किंमत अशा जोड्यांत माहिती लिहिलेली) येते आणि रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत सर्डे-जेसन ही लायब्ररी वापरून ती वाचली जाते. एखादी नोंद बिघडलेली असली की प्रोग्राम म्हणतो, ‘इनव्हॅलिड टाइप: स्ट्रिंग "", एक्स्पेक्टेड एफ६४ अ‍ॅट लाइन १ कॉलम ४८२१३’. म्हणजे दशांश आकडा (एफ६४) हवा होता तिथे रिकामी स्ट्रिंग, रिकामा मजकूर आला. केंद्रावरचा माणूस हे वाचून फोन करतो, मग ऑफिसातलं कोणीतरी फाइल एडिटरमध्ये उघडून शोधत बसतं. यावर एखादी चांगली लायब्ररी आहे का?

आहे. तिचं नाव सर्डे-पाथ-टू-एरर. ती डेव्हिड टोल्ने यांची, आणि सर्डे-जेसन ज्यावर उभी आहे त्या सर्डे या लायब्ररीची देखभालही तेच करतात. तुमचा निम्मा त्रास ती एका दुपारीत संपवेल. उरलेला निम्मा तुमच्या स्ट्रक्टच्या, म्हणजे फाइल ज्यात वाचली जाते त्या साच्याच्या, रचनेत आहे, तिथे कुठलीच लायब्ररी पोचत नाही. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी हे समजून घ्या, की सर्डेला चुकीची जागा नीट का सांगता येत नाही. बाहेरचं स्ट्रक्ट आपल्या ‘नोंदी’ या फील्डचं काम व्हेककडे, म्हणजे यादीकडे, सोपवतं, व्हेक एकेका नोंदीचं काम नोंदीच्या स्ट्रक्टकडे, आणि नोंद फॅटचं काम एफ६४ कडे. या उतरंडीत प्रत्येकाला फक्त आपल्यापुरतं ठाऊक असतं. एफ६४ वाचणाऱ्याला समोर रिकामी स्ट्रिंग दिसते आणि तो तिथेच थांबतो. आपण कुठल्या सभासदाच्या नोंदीत उभे आहोत, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. जेसन वाचणारा भाग तेवढा बाइट मोजत आलेला असतो, म्हणून हातात पडतो तो कॉलमचा आकडा. तुमची फाइल मोकळ्या जागा काढून एका ओळीत दाबलेली आहे, त्यामुळे लाइन कायम १ येते.

सर्डे-पाथ-टू-एरर डिसिरियलायझरवर, म्हणजे मजकूर वाचून स्ट्रक्ट भरणाऱ्या भागावर, एक आवरण चढवते. उतरंडीच्या प्रत्येक पायरीवर कुठली की किंवा कितवा घटक चालू आहे याची खूण ठेवते, आणि चूक झाली की त्या खुणा जोडून वाट हातात देते: नोंदी[१३७].फॅट. तुमच्या स्ट्रक्टमध्ये काहीही बदलावं लागत नाही. सर्डे-जेसनचा डिसिरियलायझर स्वतः तयार करायचा, त्याचा म्युटेबल रेफरन्स या क्रेटच्या (रस्टमध्ये लायब्ररीला क्रेट म्हणतात) डिसिरियलाइझ फंक्शनला द्यायचा, आणि एरर आली तर तिच्यावर पाथ बोलवायचं. बस.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात पडलेला कोड मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे. एरवी तुम्ही फ्रॉम-स्ट्र वापरता, तेव्हा मुख्य जेसन संपल्यावर मागे काही कचरा उरला आहे का हे ते फंक्शन स्वतः तपासतं. डिसिरियलायझर हाताने बनवला की ही तपासणी तुमच्यावर येते. वाचून झाल्यावर त्यावर एंड बोलवा. विसरलात, तर दोन फाइली चुकून एकमेकींना चिकटून आल्या तरी पहिली मुकाट वाचली जाईल आणि दुसऱ्या पाळीचं दूध हिशेबातून गायब होईल.

वेगाची काळजी असेल तर सरळ उपाय आहे. फाइल आधी नेहमीसारखी, आवरणाशिवाय वाचा. चूक आली तरच तोच मजकूर आवरणातून पुन्हा वाचा. चांगल्या फाइलींना काहीच भुर्दंड पडत नाही, आणि बिघडलेल्या फाइलीला चार मिलिसेकंद जास्त लागले तर कोणाचं काही अडत नाही. अट एवढीच, की मजकूर मेमरीत हवा. सॉकेटवरून वाहत येणारा दुसऱ्यांदा वाचता येणार नाही.

आता नोंदी[१३७].फॅट ही वाट तुम्हाला-मला छान वाटते. केंद्रावरच्या माणसाला तिचा उपयोग नाही. एकतर मोजणी शून्यापासून आहे, म्हणजे त्याच्या लेखी ती १३८वी नोंद. दुसरं म्हणजे त्याच्या वहीत नोंदींना क्रमांकच नसतो, सभासदांना असतो. म्हणून मी एक पायरी पुढे जातो. चूक आली की तीच फाइल सर्डे-जेसनच्या सर्वसाधारण व्हॅल्यूमध्ये वाचतो, मिळालेल्या वाटेने चुकलेल्या फील्डच्या एक पायरी आधीपर्यंत उतरतो, आणि त्या नोंदीतला सभासद क्रमांक उचलतो. केंद्राचा क्रमांक आणि पाळी फाइलीच्या माथ्यावर असतेच. मग संदेश असा होतो: ‘केंद्र १४, सकाळ, सभासद २०७: फॅटची जागा रिकामी आहे. ३.८ असा आकडा हवा.’ हा संदेश वाचून माणूस फोन करत नाही, वही उघडतो. एवढ्या एका बदलाने जो फरक पडतो तो बाकी कुठल्याही सजावटीने पडत नाही.

हे करताना दोन गोष्टींनी गोंधळ होतो, त्या आधीच सांगतो. एखादी की मुळात गहाळ असेल तर वाट नोंदीपाशीच थांबते, कारण नसलेल्या फील्डमध्ये कोणी उतरलेलंच नसतं. फील्डचं नाव संदेशातल्या ‘मिसिंग फील्ड’नंतर येतं. आणि सर्डे-जेसनचा कॉलम बहुधा चुकीची किंमत जिथे संपते तिथला असतो. कॉलमवर उडी मारली आणि तिथे सगळं ठीक दिसलं, तर नजर डावीकडे न्या.

वाट उपयोगी पडते ती जेसन जेसन म्हणून बरोबर असताना. सगळ्या चुका तशा नसतात. सर्डे-जेसनच्या एररवर क्लासिफाय हे फंक्शन आहे, त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. ते चार जाती सांगतं: आयओ (फाइल वाचतानाच अडथळा), सिंटॅक्स, डेटा आणि ईओएफ. या चारींना चार वेगळे संदेश द्या, कारण दुरुस्ती करणारा माणूस दर वेळी वेगळा असतो. ईओएफ म्हणजे फाइल अर्धवट आली, बहुधा नेट मध्येच गेलं. तिथे लाइन-कॉलम सांगून काय उपयोग, ‘फाइल अपुरी आली, पुन्हा पाठवा’ एवढं पुरे. सिंटॅक्स म्हणजे कोणीतरी फाइल हाताने उघडून बदलली किंवा पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच दोष आहे. हा निरोप सॉफ्टवेअरवाल्याकडे जायला हवा. डेटा असेल तरच केंद्रावरच्या माणसाला त्रास द्यायचा.

आता मुख्य मुद्दा. फॅट कधी आकडा म्हणून येते, कधी अवतरणचिन्हांत स्ट्रिंग म्हणून. वेगवेगळ्या केंद्रांवर वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं असली की हे व्हायचंच. मग बहुतेक जण अनटॅग्ड ईनम लिहितात, म्हणजे कुठला पर्याय आहे हे सांगणारी खूण नसलेली पर्यायांची यादी: एक प्रकार आकड्याचा, एक स्ट्रिंगचा. कोड सुटसुटीत दिसतो, आणि संदेशाचा मात्र सत्यानाश होतो. अनटॅग्डमध्ये सर्डे किंमत आधी बाजूला भरून घेतं, मग एकेक प्रकार लावून बघतं, आणि प्रत्येक प्रकार का बसला नाही ते कारण फेकून देतं. शेवटी उरतं ते ‘डेटा डिड नॉट मॅच एनी व्हेरियंट ऑफ अनटॅग्ड ईनम’. फॅटसारख्या एका आकड्यापुरतं हे चालून जाईल. पण अख्खी नोंदच अनटॅग्ड असेल, गायीची एक आणि म्हशीची एक, तर आतल्या दहा फील्डपैकी कुठलं चुकलं हे कधीच कळणार नाही. आवरणाची वाटही ईनमच्या दारातच संपते, कारण बाजूला भरून घेतलेल्या किमतीवर आवरण नसतं.

फ्लॅटनचंही, म्हणजे आतल्या स्ट्रक्टची फील्डं बाहेरच्यात सपाट मिसळण्याचंही, तेच. सगळ्या नोंदींत सामाईक असलेली फील्डं वेगळ्या स्ट्रक्टमध्ये काढून फ्लॅटन लावायचा मोह होतो, पण तिथेही किमती आधी साठवल्या जातात आणि आतली वाट हरवते. मी आयात होणाऱ्या फाइलींच्या स्ट्रक्टमध्ये फ्लॅटन वापरत नाही. आठ फील्डं चार ठिकाणी पुन्हा लिहावी लागली तरी लिहितो. प्रोग्रामच्या आतल्या बाजूला हवं तेवढं नीटनेटकं करा, दारात उभं असलेलं स्ट्रक्ट मात्र फाइल जशी आहे तसंच आणि बावळटपणे सरळ असू द्या.

गाय-म्हैस यांसारखा खराच भेद असेल तर फाइलीत ‘प्रकार’ अशी एखादी की असतेच. तिला टॅग करा, म्हणजे तिच्या किमतीवरून कुठला प्रकार ते ठरेल. आतल्या टॅगमध्येही साठवण होते, म्हणून वाट पूर्ण मिळत नाही, पण निदान संदेश खरं कारण सांगतो: अमुक फील्ड गहाळ, तमुक ठिकाणी आकडा हवा होता. अनटॅग्डपेक्षा हे कितीतरी बरं.

आणि फॅटसाठी स्वतःचा व्हिजिटर, म्हणजे आलेली किंमत तपासून घेणारा छोटा कोड, लिहा. पंचवीस-तीस ओळींचं काम आहे. त्यात एक्स्पेक्टिंग नावाचं फंक्शन असतं, आणि तिथे तुम्ही जो मजकूर लिहाल तोच ‘एक्स्पेक्टेड’च्या पुढे छापला जातो. तो मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. ‘एक्स्पेक्टेड एफ६४’च्या जागी ‘फॅटचा आकडा, उदाहरणार्थ ३.८’ असं दिसलं की संदेश वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. स्वतः व्हिजिटर लिहायचा नसेल तर स्ट्रक्टवर किंवा ईनमवर एक्स्पेक्टिंग हे अ‍ॅट्रिब्यूट लावूनही हा मजकूर बदलता येतो. अनटॅग्ड ठेवणं भागच असेल तर निदान एवढं करा.

व्हिजिटर लिहिताना एक बारीक गोष्ट सांभाळा. व्हिजिट-एफ६४ आणि व्हिजिट-स्ट्र लिहून लोक थांबतात. चाचणीत ३.८, ४.२, ६.५ सगळं चालतं. मग एके दिवशी एखाद्या सभासदाची फॅट बरोबर ४ लागते, यंत्र ४.० न लिहिता नुसतं ४ लिहितं, सर्डे-जेसन ते पूर्णांक म्हणून व्हिजिट-यू६४ कडे पाठवतं, आणि तिथे कोणीच नसतं. साध्या एफ६४ ला ही अडचण येत नाही, कारण तो पूर्णांकही घेतो. स्वतःचा व्हिजिटर लिहिला की ती जबाबदारी आपली.

स्ट्रिंगमधून आकडा काढताना आणखी एक आपल्याकडचीच गंमतशीर अडचण: देवनागरी आकडे. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि कोणी दुरुस्ती करताना देवनागरीत ४.२ टाकलं, तर रस्टचं पार्स ते नाकारतं. पायथनचं फ्लोट तेच आकडे निमूट स्वीकारतं. म्हणजे दोन सर्व्हिस दोन भाषांत असतील तर एकच फाइल एकीकडे चालते, दुसरीकडे अडते, आणि स्क्रीनवर तर आकडा अगदी बरोबर दिसतो. मी वाचण्याआधी देवनागरी आकड्यांचे इंग्रजी आकडे करून घेतो. तुम्हाला ते नको असेल तर संदेशात तरी स्पष्ट म्हणा, ‘आकडे देवनागरीत आहेत, इंग्रजीत टाका’.

आतापर्यंत ज्या चुका होत्या त्या निदान तोंडावर येत होत्या. न येणाऱ्या चुकीबद्दल बोलतो, कारण ती मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी एका दूध संस्थेच्या बिलांचं काम माझ्याकडे होतं. दर दहा दिवसांनी बिलं निघत आणि त्यातून पशुखाद्याची उचल कापली जाई. उचल सगळ्यांचीच नसते, म्हणून कपातीच्या फील्डवर मी डीफॉल्ट लावलं होतं: की नसेल तर शून्य. एका केंद्राचं सॉफ्टवेअर बदललं, आणि नव्या फाइलीत त्या कीचं पहिलं अक्षर कॅपिटल झालं. सर्डेच्या दृष्टीने ती अनोळखी की, आणि अनोळखी की सर्डे मुळातच सोडून देतं. खरी की सापडली नाही म्हणून शून्य. एकही एरर आली नाही. पुढच्या बिलात दोन वेळची कपात एकदम आली तेव्हा उत्पादक संस्थेत येऊन बसले, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. घरखर्च त्या बिलावर चालतो. त्या दिवसापासून पैशाच्या फील्डवर मी डीफॉल्ट लावत नाही. कपात नसेल तर पाठवणाऱ्याने शून्य लिहायचं, असं ठरवून घेतो.

अनोळखी कीसाठी डिनाय-अननोन-फील्ड्स हे अ‍ॅट्रिब्यूट आहे. ते लावलं की चुकीच्या कीचं नाव आणि अपेक्षित नावांची यादी दोन्ही संदेशात येतात, स्पेलिंगची चूक तिथल्या तिथे दिसते. फ्लॅटनबरोबर मात्र ते चालत नाही. फ्लॅटन टाळण्याचं हेही एक कारण. दुसऱ्या बाजूने, पाठवणाऱ्याने एखादं निरुपद्रवी फील्ड वाढवलं तरी अख्खी फाइल नाकारली जाते, आणि पहाटे पाचला ते कोणाला परवडत नाही. तिथे सर्डे-इग्नोर्ड नावाची क्रेट कामाला येते. ती फाइल वाचू देते आणि सोडून दिलेल्या प्रत्येक कीची वाट तुम्ही दिलेल्या क्लोजरला (छोट्या फंक्शनला) कळवते. ती यादी लॉगमध्ये टाका आणि रोज कोणीतरी बघेल अशी व्यवस्था करा.

सगळ्या चुका एकदम दाखवणं हा पुढचा भाग. सर्डे पहिल्या चुकीवर थांबतं. फाइलीत सात नोंदी बिघडलेल्या असतील तर केंद्रावरच्या माणसाला सात वेळा दुरुस्त करून सात वेळा पाठवावी लागेल. तिसऱ्या वेळेनंतर तो वैतागून रिकाम्या जागी शून्य भरून मोकळा होतो, आणि ते जास्त वाईट. उपाय असा: बाहेरचं स्ट्रक्ट वाचताना नोंदींची यादी पूर्ण उलगडू नका. प्रत्येक नोंद रॉ-व्हॅल्यू म्हणून, म्हणजे जशीच्या तशी मजकुराच्या रूपात घ्या. सर्डे-जेसनमध्ये त्यासाठी वेगळं फीचर चालू करावं लागतं. मग एकेक नोंद स्वतंत्रपणे वाचा, चांगल्या एकीकडे आणि चुकलेल्या दुसरीकडे. प्रत्येक नोंदीतली पहिली चूक तरी सगळ्यांची मिळते. मात्र आता लाइन-कॉलम त्या तुकड्यापुरते असतात, फाइलीचे नसतात. सभासद क्रमांक दाखवत असाल तर त्याने काही बिघडत नाही.

चुकीच्या आसपासचा मजकूर दाखवायला मिएट, एरियाडने, कोडस्पॅन अशा सुंदर क्रेट आहेत. कंपायलरसारखी ओळ छापून खाली खूण करतात. तुमच्या कामाला त्या नकोत असं माझं मत आहे. एका ओळीत पन्नास हजार बाइट असताना ओळ छापणार कशी? शिवाय मजकूर मराठी आहे. ‘कोल्हापूर’ हा शब्द घ्या. आपण तो चार अक्षरं मोजतो: को, ल्हा, पू, र. युनिकोडमध्ये ते ९ कोडपॉइंट (क्रमांक दिलेली सुटी चिन्हं) आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये २७ बाइट. सर्डे-जेसन कॉलम बाइटमध्ये मोजतं, पायथनचं जेसन मॉड्यूल कोडपॉइंटमध्ये, आणि डोळा अक्षरांत. खालची खूण कुठल्याच टर्मिनलवर नेमकी बसत नाही. मी खूण करत नाही. चुकलेली किंमत अवतरणचिन्हांत घालून संदेशातच लिहितो.

तरीही आजूबाजूचे तीस-चाळीस बाइट कापून दाखवायचे असतील तर जपून. रस्टमध्ये स्ट्रिंग अक्षराच्या मध्येच कापली तर प्रोग्राम पॅनिक होतो. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइटचा, म्हणजे आंधळेपणाने कापलं तर तीनपैकी दोन जागा चुकीच्या. इंग्रजी नावांवर सगळं चालतं, आणि पहिलं मराठी नाव आलं की चूक सांगणारा कोडच कोसळतो. इज-कॅर-बाउंडरीने तपासत हद्द मिळेपर्यंत मागे सरका.

‘लाइन १ कॉलम १’ अशी एरर आली तर फाइलीचे पहिले साठेक बाइट लॉगमध्ये टाका. नव्वद टक्के कोडं तिथेच सुटतं: एकतर जेसनच्या जागी एचटीएमएलचं एरर पान आलेलं असतं, किंवा फाइल रिकामी असते (तेव्हा कॉलम ० येतो), किंवा विंडोजवरच्या एडिटरने सुरुवातीला बीओएम, म्हणजे न दिसणारी खूण, चिकटवलेला असतो. जेसनच्या आरएफसी ८२५९ या मानकाप्रमाणे पाठवणाऱ्याने बीओएम लावू नये, पण वाचणाऱ्याने तो सोडून दिला तर चालतं. तुम्ही सोडून द्या.

तुमच्यातले काही जण हेच काम पायथनमध्ये करू म्हणतात, असंही प्रश्नात आहे. पायथनची डेटा तपासणारी लायब्ररी पायडँटिक या बाबतीत उजवी आहे: सगळ्या चुका एकदम गोळा करतं आणि प्रत्येकीबरोबर वाट, प्रकार आणि आलेली किंमत देतं. २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीचा गाभा रस्टमध्ये आहे, त्यामुळे वेगाचीही तक्रार राहिलेली नाही. पण मुळात ते अनोळखी की सोडून देतं आणि स्ट्रिंगमधला आकडा स्वतःहून बदलून घेतं. पहिल्यासाठी एक्स्ट्रा फॉरबिडवर ठेवा, दुसऱ्यासाठी स्ट्रिक्ट हवं का ते फील्डनिहाय ठरवा. भाषा बदलण्याइतकं हे कारण मोठं नाही.

लॉगबद्दल एक सांगायचं राहिलं. नोंदीत बँक खात्याचा क्रमांक असेल तर चूक छापताना अख्खी नोंद छापू नका. सभासद क्रमांक, फील्ड आणि चुकलेली किंमत एवढंच.

आणि बिघडलेल्या फाइली फेकू नका. नावं आणि खाते क्रमांक बदलून त्या चाचण्यांच्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि प्रत्येकीवर नेमका कोणता संदेश यायला हवा ते शेजारी लिहून ठेवा. इन्स्टासारखी स्नॅपशॉट क्रेट (अपेक्षित निकाल साठवून नंतर तुलना करणारी) यासाठी सोयीची आहे. उद्या कोणी नोंदीच्या स्ट्रक्टला फ्लॅटन लावलं तर बाकी सगळ्या चाचण्या हिरव्या राहतील, ही एक लाल होईल. सुरुवात तुमच्या त्या ४८२१३ कॉलमवाल्या फाइलीपासूनच करा. आवरण चढवल्यावर वाट नोंदीपाशीच थांबली, फॅटपर्यंत पोचली नाही, तर स्ट्रक्टमध्ये अनटॅग्ड किंवा फ्लॅटन कुठेतरी आहे असं समजा, आणि ते स्ट्रक्ट इथे टाका, मी बघतो.